भाडं कमी म्हणून लांब राहायला जाताय? टोकन देण्याआधी हा हिशोब या क्रमाने करा

रविवारी दुपारी घर बघायचं, ‘स्टेशनपासून रिक्षाने सात मिनिटं’ हे एजंटचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हवा-उजेड बघून खूश व्हायचं आणि संध्याकाळी टोकन देऊन घरी यायचं. मुंबईतलं भाडं झेपेना म्हणून बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार, पनवेल या बाजूंना निघालेली कितीतरी कुटुंबं याच क्रमाने जातात. सोमवारी सकाळी काय होतं ते त्यांना सामान हलवल्यावर कळतं. मीही असंच केलं होतं. फोर्टमधली नोकरी आणि बदलापूरचं घर अशी सहा वर्षं काढली, त्यातली पहिली दोन केवळ हिशोब उलटा केल्यामुळे फार जड गेली.

लांब राहायला जाऊच नका, असं मी कोणाला सांगणार नाही. अनेकांना त्यामुळेच मुलांचं शिक्षण, कर्जाचे हप्ते आणि गावाकडचा खर्च जमवता येतो. पण ‘भाड्यात सतरा हजार वाचले आणि पास काही शेचा’ एवढ्यावर निर्णय घेतला तर फसायला होतं. खाली दिलेला क्रम मोडू नका. घर बघणं यात मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे.

तयारी : एक वही आणि तीन जागा

वहीत आधी या चार गोष्टी लिहा.

१. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाची ऑफिसला पोचायची वेळ आणि निघायची खरी वेळ. कागदावर सहाला सुटतं पण रोज पावणेसात होतात, तर पावणेसात लिहा.
२. हातात येणारा पगार.
३. मुलांची शाळा किंवा पाळणाघर, आणि त्यांच्या बंद होण्याच्या वेळा.
४. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते.

मग तीन जागा निवडा : एक ऑफिसजवळची, एक मधली, एक लांबची. फक्त दोन जागा घेतल्या की डोकं ‘महाग की स्वस्त’ एवढाच विचार करतं आणि मधल्या जागेकडे कोणी बघतच नाही. या लेखात मी भांडुप, डोंबिवली आणि बदलापूर धरले आहेत. एकाची नोकरी फोर्टात, दुसऱ्याची ठाण्यात, घरात चार वर्षांचं मूल. भाडी आणि खर्च उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमचे आकडे घाला.

तपासा : भाड्याचा आकडा विचारताना सोसायटीचा मेंटेनन्स त्यात धरला आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. एका जागेचं भाडं मेंटेनन्ससह आणि दुसरीचं त्याशिवाय लिहिलं, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

टप्पा १ : किलोमीटर विसरा, दारापासून दारापर्यंतची मिनिटं मोजा

सीएसएमटीपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, बदलापूर सुमारे ६८. नकाशावर हे १४ किलोमीटर किरकोळ दिसतात. पण कल्याणला मार्ग फुटतो. पुढे कर्जतच्या बाजूला लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांना दोनच रुळमार्ग आहेत. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम पूर्ण होईपर्यंत तिथे गाड्या हव्या तेवढ्या वाढवता येत नाहीत. त्यामुळे या १४ किलोमीटरांची किंमत आधीच्या १४ किलोमीटरांपेक्षा बरीच जास्त आहे. टिटवाळा-आसनगावच्या बाजूलाही हेच.

प्रवासाचे पाच तुकडे करा आणि प्रत्येकाची मिनिटं वेगळी लिहा :

१. घर ते स्टेशन, रिक्षाच्या रांगेसकट
२. पूल चढून फलाटावर पोचणं आणि गाडीची वाट
३. गाडीतला वेळ
४. उतरल्यावर ऑफिसपर्यंत
५. गाडी उशिरा आली तरी लेटमार्क लागू नये म्हणून लवकर निघण्याची मिनिटं

पाचवा तुकडा जवळजवळ कोणीच लिहीत नाही. साडेनऊला थम्ब लावायचा असेल आणि तुम्ही रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचण्याच्या बेताने निघत असाल, तर ती वीस मिनिटंही प्रवासातच गेली.

आमच्या उदाहरणात, पाचवा तुकडा तिन्हीकडे सारखा धरून बाजूला ठेवला तर फोर्टसाठी एका बाजूचा हिशोब असा : भांडुप १२ + ६ + ५० + १२ = ८० मिनिटं. डोंबिवली १० + १० + ६३ + १२ = ९५. बदलापूर १५ + १० + ८८ + १२ = १२५. ठाण्यात काम करणाऱ्यासाठी अनुक्रमे ४५, ५५ आणि ८५.

हे झाले कागदावरचे आकडे. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याआधी पुढचा टप्पा करायचाच.

टप्पा २ : तीन खऱ्या दिवसांची चाचणी

घर बघायच्या आधी, नुसता प्रवास करून बघा. एखाद्या नातेवाइकाकडे किंवा ऑफिसमधल्या सहकाऱ्याकडे त्या गावात रात्री मुक्काम करता आला तर उत्तम.

पहिला दिवस : सोमवार, मंगळवार किंवा बुधवार, सकाळची तुमची खरी वेळ. घर ज्या भागात घ्यायचं मनात आहे तिथून निघा, स्टेशनवरून नको. बदलापूरला आमच्या भागातून रिक्षाला सात मिनिटं लागायची हे खरंच होतं. पण सकाळी साडेसातला शेअर रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागायची, आणि पावसात त्याहून जास्त.

दुसरा दिवस : संध्याकाळ. ऑफिसातून रोजच्या वेळेला निघून थेट तिथे जा. दादर किंवा घाटकोपरहून चढणार असाल तर तिथूनच चढून बघा. सीएसएमटीला बसायला मिळेल, पण दादरला बदलापूर लोकलच्या डब्यात शिरणं ही वेगळीच गोष्ट आहे.

तिसरा दिवस : तुमचा सगळ्यात वाईट दिवस. उशिरा सुटणारी शिफ्ट, महिनाअखेरचं काम किंवा पाऊस, जे तुमच्या नोकरीत नेमाने येतं ते. रात्री साडेदहानंतर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते का, की स्पेशलचे पैसे द्यावे लागतात, हे तेव्हाच समजतं.

इशारा : ही चाचणी रविवारी करू नका. रविवारी गर्दी कमी असते, वेळापत्रक वेगळं असतं आणि बहुतेक रविवारी कुठे ना कुठे मेगाब्लॉक असतो. सुट्टी मधल्या वारी असेल आणि रविवारी कामावर जावं लागत असेल (नर्स, हॉटेल, दुकानं, मॉल), तर मात्र ब्लॉकच्या रविवारी एक चौथी फेरी नक्की करा.

टप्पा ३ : तुमची गाडी कोणती, आणि ती चुकली तर?

गाव ठरवताना गाडीही ठरवावी लागते. एम-इंडिकेटर (लोकलचं वेळापत्रक दाखवणारं मोबाइल ॲप) उघडून तुमच्या वेळेच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन गाड्या लिहा. गाडी कुठून सुटते, जलद आहे की धीमी, बारा डबा की पंधरा, हेही लिहा. मग या तीन प्रश्नांची उत्तरं काढा.

गाडी तिथूनच सुटते का? बदलापूर आणि अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकल आहेत. ती पकडता आली तर बसून जाता येतं. कर्जतहून आलेली गाडी मात्र बदलापूरला भरूनच येते. डोंबिवलीचं दुखणं उलटं आहे : अंतर कमी, गाड्या भरपूर, पण सकाळी आठच्या जलद गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ६३ मिनिटं एका पायावर उभं राहणं आणि ८८ मिनिटं बसून जाणं यांतलं कोणतं झेपेल, हे वय, गुडघे, पाठ आणि गरोदरपण यांवर ठरतं. इथे दुसऱ्याचा अनुभव उपयोगी पडत नाही.

गाडी चुकली तर किती वेळ जातो? डोंबिवलीला पुढची काही मिनिटांत येते. बदलापूरला जास्त थांबावं लागतं आणि वांगणी, टिटवाळा, आसनगावला तर पुढची गाडी म्हणजे लेटमार्क ठरलेलाच. हे अंतर मिनिटांत लिहून ठेवा. लहान मूल असलेल्या घरात आठवड्यातून एकदा तरी गाडी चुकतेच.

डब्यात आत शिरता येतं का? ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. चाचणीत दारातच लटकावं लागलं, तर ती वेळ किंवा ती जागा रद्द करा. वाचणाऱ्या कोणत्याही रकमेसाठी हा धोका घेऊ नका.

इशारा : बसायला मिळावं म्हणून अनेक जण एक-दोन स्टेशनं उलट जाऊन त्याच गाडीत बसून येतात. पास त्या उलटच्या स्टेशनापर्यंतचा नसेल तर तो विनातिकीट प्रवास धरला जातो आणि दंड होतो. उलट जायचं असेल तर पास तिथूनच काढा, आणि ही जादा मिनिटं टप्पा १ मध्ये मिळवा.

पहिल्या महिन्याला एकाच महिन्याचा पास घ्या. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट किमतीत मिळतो, म्हणून स्वस्त वाटतो. पण गाडी, डबा, क्लास यांतलं काही बदलावंसं वाटलं तर तो अंगावर पडतो.

टप्पा ४ : पैशांचा खरा हिशोब

आता आकडेमोड. भांडुपला भाडं २७,०००, बदलापूरला ९,५००. वाचले १७,५००. यातून महिन्याचे हे खर्च वजा करा :

– दोघांच्या सेकंड क्लास पासातला फरक : ३००
– दोघांची शेअर रिक्षा, २२ दिवस : १,७६०
– पाळणाघराचे जादा तास : २,०००
– घरी डबा करायला वेळ न उरल्याने बाहेरचा चहा-नाश्ता : १,२००
– महिन्यातून एखाद्या रात्री कॅब किंवा स्पेशल रिक्षा : ६००
– दलाली एक महिन्याचं भाडं ९,५०० आणि टेम्पो-हमाली ८,०००, अकरा महिन्यांत वाटून : साधारण १,५९०

एकूण ७,४५०. म्हणजे हातात उरले १०,०५०. सतरा हजारांचे दहा हजार झाले, आणि यात फर्स्ट क्लास किंवा एसी लोकलचा पास नाही. गर्दीला कंटाळून तिसऱ्या महिन्यात फर्स्ट क्लास काढणारे खूप आहेत, आणि तो पास सेकंड क्लासच्या कितीतरी पट असतो. चाचणीच्या दिवसांत तसं मनात आलं असेल तर तो खर्च आत्ताच लिहा.

हे झालं बदलापूर. डोंबिवलीला भाडं १६,००० धरू, घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. वाचले ११,०००. पास २००, पाळणाघर १,०००, बाहेरचं खाणं ६००, दलाली-टेम्पो २,१८०. उरले ७,०२०.

इशारा : पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर भाडं कमी झालं की करसवलतही घटते. सवलत मोजताना भरलेल्या भाड्यातून पगाराच्या १० टक्के वजा होतात (इथे पगार म्हणजे मूळ पगार आणि नियमाप्रमाणे धरला जाणारा महागाई भत्ता). भाडं ९,५०० वर आलं की या सूत्रातून निघणारी सवलत कमी होऊ शकते. शिवाय मुंबईत राहणाऱ्यांसाठी पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे, डोंबिवली-बदलापूरला ४० टक्क्यांची. कर किती वाढेल ते ऑफिसच्या अकाउंट्समध्ये विचारा आणि तोही आकडा वजा करा. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

डिपॉझिटचं मात्र उलट होतं. भाडं कमी तसं डिपॉझिटही कमी लागतं, आणि आधीच्या घराचं डिपॉझिट परत येतं. ती रक्कम वेगळी ठेवा, महिन्याच्या बचतीत धरू नका. परत मुंबईकडे यायचं झालं तर तीच लागते.

टप्पा ५ : एका तासाचे किती मिळाले?

बदलापूरला गेल्यावर फोर्टवाल्याची रोजची ९० मिनिटं जास्त जातात आणि ठाण्यावाल्याची ८०. महिन्याला २२ दिवस धरले तर ३३ तास आणि साधारण २९ तास, मिळून ६२. उरलेले १०,०५० भागिले ६२ म्हणजे तासाला साधारण १६२ रुपये.

डोंबिवलीत जादा तास ११ आणि ७, मिळून साधारण १८. ७,०२० भागिले १८ म्हणजे तासाला ३९० रुपये.

आता तुमच्या कामाच्या तासाचा दर काढा. हातात ३५,००० येत असतील आणि महिन्याचे २२ दिवस रोज नऊ तास ऑफिसात जात असतील, तर तासाला साधारण १७५. बदलापूरचे १६२ त्याच्या जवळपास आहेत, म्हणजे ‘बरं आहे’ असं वाटू शकतं. नेमकी इथेच चूक होते.

तुलना नेहमी शेजारच्या पायरीशी करा. डोंबिवलीऐवजी बदलापूर घेतल्याने वाचतात फक्त ३,०३० रुपये जास्त, आणि जातात ४४ तास जास्त. तासाला ७० रुपयेसुद्धा नाहीत. भांडुपशी तुलना केली तर हे झाकलं जातं, कारण पहिल्या पायरीचा मोठा फायदा दुसऱ्या पायरीच्या तोट्यावर पांघरूण घालतो. मधली जागा हिशोबात का हवी, ते इथे दिसतं.

तुमचे आकडे वेगळे येतील. डोंबिवलीत स्टेशनजवळ १६,००० ला घर मिळालं नाही, किंवा दोघांपैकी एकाची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत असली, तर उत्तर उलटंही येईल. भागाकार मात्र करूनच निर्णय घ्या.

टप्पा ६ : तास नेमके कोणाचे जातात?

तास मिळून मोजले की ते दोघांमध्ये सारखे वाटले गेले असं वाटतं. तसं होत नाही. बहुतेक घरांत प्रवास लांबला की बाईची झोप कमी होते. सव्वासातच्या गाडीसाठी दोन डबे भरायचे तर साडेचारला उठावं लागतं. मी सहा वर्षं उठले आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

वहीत दोघांचा दिवस वेगवेगळ्या पानावर मांडा : उठणं, स्वयंपाक, निघणं, पोचणं, मुलाला आणणं, जेवण, झोप. झोप सहा तासांच्या खाली जात असेल तर कोणाची जाते ते दोघांनी मिळून बघा. पाणी भरणं, पाळणाघर, सकाळचा डबा यांतलं कोण काय घेणार, हे घर बदलण्याआधी ठरवा. नंतर ते आपोआप जिच्यावर पडायचं तिच्यावरच पडतं.

तपासा : पाळणाघर साडेसातला बंद होत असेल आणि तुमची गाडी सात वीसला पोचत असेल, तर गाडीला उशीर झाल्यावर मुलाला कोण आणणार? एका माणसाचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर जागा अजून पक्की झालेली नाही.

टप्पा ७ : आता घर बघा

आकडे जमले तरच इथे या. पंखे, फरशा सगळेच बघतात. तुम्ही आधी शेजाऱ्यांची दारं वाजवा.

पाण्याचं विचारा : किती वाजता येतं, रोज येतं का, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, त्याचे पैसे कोण भरतं. पाणी सकाळी दहाला येत असेल आणि घरात कोणीच नसेल, तर टाकी आणि पंप आहे का ते बघा.

पुराचं विचारा. उल्हास नदीकाठच्या भागात हा प्रश्न सगळ्यात आधी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. शेजाऱ्यांना ‘इथे पाणी भरतं का?’ असं विचारलंत तर ‘नाही हो’ असंच उत्तर येईल. ‘२००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारा. माणसं हाताने भिंतीवरची खूण दाखवतात.

वीज किती वेळा जाते, रात्री रस्त्यावर दिवे आहेत का, जवळचा दवाखाना कोणता, एवढं बघून पुरे.

टप्पा ८ : करार असा करा की परतता येईल

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरी करून चालेल’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम लॉक-इनचं, म्हणजे जितके महिने घर सोडलं तरी भाडं भरावंच लागतं त्याचं. लांबच्या जागेची पहिलीच वेळ असेल तर तीन महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मान्य करू नका, त्यासाठी भाडं दोन-तीनशेने वाढलं तरी चालेल. नोटीस एक महिन्याची, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार ते करारात लिहून घ्या. एका मालकाने मला सहा महिन्यांचं लॉक-इन ‘सगळेच देतात’ म्हणून सही करायला लावलं. चौथ्या महिन्यात ऑफिसची जागा बदलली, आणि उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं भरून मी अडकून राहिले.

वाढ किती टक्के, हेही आत्ताच ठरवा. पुढच्या वर्षी भाडं वाढलं की टप्पा ५ चा भागाकार बदलतो.

तिसऱ्या महिन्याची फेरतपासणी

राहायला गेल्यावर नव्वद दिवसांनी वही पुन्हा उघडा. एका आठवड्याच्या प्रवासाच्या खऱ्या वेळा, खरा रिक्षाखर्च, बाहेरचं खाणं आणि दोघांच्या झोपेचे तास लिहा, आणि भागाकार नव्याने करा. आकडा तुमच्या अंदाजाच्या निम्म्यावर आला असेल तर लगेच मधल्या जागेची चौकशी सुरू करा. मूल शाळेत असेल तर जूनच्या आधी हलायला हवं, म्हणजे घर शोधणं मार्चमध्ये आणि नोटीस एप्रिलच्या अखेरीस.